हिवाळ्यात घरातली कोरडी हवा : खान्देशातल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

डिसेंबर उजाडला की सातपुड्याकडून वारं सुटतं, रात्रीचा पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, दारं-खिडक्या बंद होतात आणि खोलीत ब्लोअर घुमायला लागतो. सकाळी घसा सुकलेला, ओठ फुटलेले, लेकराच्या नाकात खपल्या. पुढची उत्तरं जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या घरांना धरून दिली आहेत. भिंतीतून गरम पाण्याचे पाइप फिरवलेल्या थंड मुलखातल्या घरांचं गणित वेगळं असतं.

हीटर हवेतलं पाणी शोषून घेतो का?

नाही. हीटर लावण्याआधी खोलीत जेवढी वाफ होती, तेवढीच नंतरही असते. बदलते ती हवेची तहान.

१० अंशांची हवा पुरती भरली तर एका घनमीटरमध्ये सुमारे ९.४ ग्रॅम वाफ धरते. २० अंशांची हवा १७.३ ग्रॅम धरू शकते आणि २५ अंशांची २३ ग्रॅम. आता बाहेर १० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे, म्हणजे घनमीटरला साधारण ५.६ ग्रॅम पाणी आहे असं समजा. हीच हवा खोलीत येऊन २० अंशांना तापली की आर्द्रता ३२-३३ टक्क्यांवर येते. २५ अंशांपर्यंत तापवली की २४ टक्के. पाणी तितकंच, पण भांडं अडीचपट मोठं झालं. मग ही तहानलेली हवा आपली कातडी, नाक, घसा, लाकडी दरवाजा, जिथून मिळेल तिथून ओलावा ओढते.

म्हणून पहिला उपाय बाजारातून काही आणायचा नाही. हीटरचा खटका २५ वरून २० वर आणायचा आणि अंगावर एक गोधडी वाढवायची. एवढ्यानं आर्द्रता आठ-नऊ टक्क्यांनी वर येते, विजेचं बिल उतरतं ते वेगळंच.

दुकानदार म्हणतो ऑइल हीटर हवा कोरडी करत नाही. खरं आहे का?

अर्धं खरं. खोली २४ अंशांना तापली की आर्द्रता तेवढीच उतरणार, मग ती ब्लोअरनं तापवा, हॅलोजननं, तेलाच्या हीटरनं किंवा एसीच्या हॉट मोडनं. फरक वाऱ्याचा आहे. ब्लोअर गरम वारं थेट तोंडावर मारतो आणि वाऱ्यात ओली कातडी लवकर सुकते, कपडे सुकतात तशीच. साध्या तेलाच्या हीटरला पंखा नसतो, त्यामुळे त्रास कमी जाणवतो. हॅलोजन हवेपेक्षा समोरच्या माणसाला जास्त तापवतो. एकट्यानं तासभर बसायचं असेल तर तो बरा, पण झोपताना चालू ठेवू नये.

‘हीटर ऑक्सिजन जाळतो’ हेही बरेचदा ऐकू येतं. विजेचा कुठलाच हीटर ऑक्सिजन जाळत नाही. शेगडी आणि गॅस मात्र जाळतात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे आणि ते उत्तर वगळू नका.

२००० वॅटचा हीटर पूर्ण जोरावर चालला तर तासाला २ युनिट जातात आणि जवळपास ९ अँपिअर करंट ओढला जातो. तो मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. मोबाईल चार्जरच्या बारक्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला लावला तर आधी प्लग पिवळा पडतो, मग वास येतो आणि मग वायर वितळते.

घरात आर्द्रता किती असावी?

४० ते ५० टक्के. ३० च्या खाली गेली की नाक-घसा तक्रार करतो. ६० च्या वर दिवसेंदिवस राहिली तर कपाटामागे बुरशी धरते आणि गादीतले धुळीचे किडे वाढतात. दम्याच्या माणसाला हे कोरड्या हवेपेक्षा वाईट.

मोजायची कशी?

छोटं डिजिटल हायग्रोमीटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, अंड्याच्या उबवणीसाठी वापरतात तेही चालतं. स्वस्त यंत्र पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतं, म्हणून आणल्यावर एकदा मिठानं तपासा.

बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या. थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. मिठावर पाणी तरंगलं तर जास्त झालं, थोडं मीठ वाढवा. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका पारदर्शक बरणीत शेजारी ठेवून बरणीचं तोंड घट्ट बंद करा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी बरणी न उघडता आकडा वाचा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ६९ दाखवत असेल तर ते ६ नं कमी दाखवतं, तेवढे मिळवून वाचायचं. त्यावर चिकटपट्टी लावून ‘+६’ लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात विसरायला होतं.

यंत्र नसेल तर एकसारखे दोन साधे थर्मामीटर चालतात, पण तापाचे नव्हे. एकाच्या टोकाला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा, दोन्ही पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. कोरडा २० आणि ओला १३ दाखवत असेल तर आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास, ओला ११ पर्यंत उतरला तर ३० टक्के. दोघांत जितकं जास्त अंतर, तितकी हवा कोरडी.

मोजताना वेळ लक्षात घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेची आणि दुपारची आर्द्रता यांत मोठा फरक असतो. दुपारी २५ दाखवलं म्हणून घाबरू नका, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर असे दोन आकडे आठवडाभर लिहा.

हवेत किती पाणी घालावं लागतं?

दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. दाराखालची फट, खिडकीची झडप, वरचा झरोका यांतून ही हवा तासाला एकदा बदलते असं धरू. बाहेरची हवा वर सांगितली तशीच.

खोली २५ अंशांवर ठेवून ४५ टक्के आर्द्रता हवी असेल तर तासाला सुमारे १६० मिली पाणी घालावं लागेल. आठ तासांच्या झोपेला सव्वा लिटर. तीच खोली २० अंशांवर ठेवली तर तासाला ७५ मिली पुरतं. आणि झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि कातडीतून तासाला ६० ते ८० मिली पाणी तशीही हवेत सोडतात. म्हणजे २० अंशांच्या खोलीत दोघं झोपले असतील तर जवळजवळ काहीच करावं लागत नाही! एकटं माणूस, किंवा जोरात तापवलेली खोली, किंवा फटीच फटी असलेलं दार असेल तरच पुढचे उपाय.

पलंगाखाली वाटीभर पाणी ठेवून फरक पडतो का?

नाही. बंद खोलीत संथ पाण्याचं बाष्पीभवन फार सावकाश होतं. ४० सेंटिमीटर व्यासाच्या परातीतून तासाला ६ ते १२ मिली उडतं, वाटीतून तर मिलीभरही कठीण. ब्लोअरसमोर पातेलं ठेवलं तर थोडं जास्त, पण तेही लेकराच्या पायात यायचं आणि वायरीवर सांडायचं.

त्यापेक्षा माठ बरा. माठ सगळ्या अंगानं झिरपतो, त्यामुळे परातीपेक्षा तिपटीनं पाणी देतो. रात्रभरात पाव लिटरच्या आसपास. खाली ताटली ठेवा. मात्र नवा माठ हवा, जुन्याची छिद्रं आपल्याकडच्या जड पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, बाहेरून पांढरं फुटतं आणि माठ नुसता मडकं होऊन बसतो. झिरपतोय की नाही हे हात लावून कळतं, अंग ओलसर आणि गार लागलं पाहिजे.

ओली चादर टांगण्याची योग्य पद्धत कोणती?

स्वस्तात सगळ्यात कामाचा उपाय हाच. जुनी, मऊ सुती चादर घ्या, पॉलिस्टर नको. जाड सोलापुरी चादर नको, ती सुकायला दुपार उजाडते आणि कुबट वास मारते. भिजवून घट्ट पिळा. थेंब गळायचे थांबले पाहिजेत. अर्ध्या किलोची सुती चादर अशी पिळल्यावर पाव ते पाऊण लिटर पाणी धरून राहते. किती धरलं हे नीट पाहायचं असेल तर आधी कोरडी आणि मग ओली तोला, फरक म्हणजे रात्रीची मात्रा.

दोरी भिंतीपासून हातभर लांब बांधा, चादर दुमडून नाही तर उलगडून टाका. हीटरपासून किमान तीन फूट दूर. पडून हीटरवर गेली तर सुकल्यावर पेट घेते. सकाळी चादर कोरडी झाली असेल तर मात्रा बरोबर, निम्मी ओली असेल तर हवेला तेवढं नको होतं. पुढच्या रात्री छोटं कापड टांगा. चादर तिसऱ्या दिवशी धुवा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पाणी उडताना उष्णता खातं. एक लिटर पाणी उडायला जवळपास ०.७ युनिट उष्णता लागते. म्हणून ओली चादर टांगल्यावर खोली जरा गार वाटते. चादर सदोष नाही, तिचं काम चालू आहे.

मशीनचे धुतलेले कपडेच रात्री खोलीत वाळत घातले तर?

चालतं, पण निम्मेच. पाच किलो कपडे स्पिन झाल्यावरही दोन-अडीच लिटर पाणी धरून असतात. सगळे एका बंद खोलीत टाकले तर पहाटे खिडकीच्या काचा गळायला लागतात आणि उत्तरेकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. काचेवर आतून दव दिसलं की ओलावा जास्त झाला असं समजायचं, मोजायचीही गरज नाही.

उन्हाळ्यातला कूलर चालवू का?

नको. कूलर तासाला काही लिटर पाणी हवेत ढकलतो आणि बाहेरची थंड हवा आत ओढतो. शिवाय मार्चपासून जून-जुलैपर्यंत चाललेल्या कूलरच्या खस किंवा लाकडी भुशाच्या ताट्या तशाच वाळून पडलेल्या असतात, त्यातली धूळ आणि बुरशी सगळ्या खोलीत उडेल.

ह्युमिडिफायर घ्यायचाच आहे, कोणता घेऊ?

तीन प्रकार मिळतात. अल्ट्रासॉनिक, म्हणजे गार धुकं सोडणारा, हा सगळ्यात जास्त खपतो. वाफेचा, जो पाणी उकळतो. आणि ओल्या वातीतून किंवा जाळीतून पंख्यानं हवा नेणारा.

आपल्याकडची गोम पाण्यात आहे. बोअरचं पाणी जड असतं आणि अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्यासकट क्षारही उडवतं. दोन दिवसांत टीव्हीवर, पलंगाच्या दांडीवर पांढरी भुकटी बसते. तीच भुकटी श्वासातही जाते. तेव्हा या यंत्रात आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण सीलबंद, लेबल असलेलं. गॅरेजमधल्या उघड्या कॅनमधलं ‘बॅटरीचं पाणी’ अजिबात नको, काही ठिकाणी ॲसिडलाही हेच नाव असतं.

जड पाणीच वापरायचं असेल तर वातीचा प्रकार घ्या. त्यात क्षार वातीवर राहतात, हवेत येत नाहीत. वात कडक झाली की बदलायची, एवढाच खर्च. वाफेचं यंत्र लहान मुलं असलेल्या घरात नको, सांडलं तर भाजतं.

दहा बाय बाराच्या खोलीला तासाला २०० मिली देणारं यंत्र भरपूर झालं. यंत्र जमिनीवर ठेवू नका, फरशी ओली होते. दोन-तीन फूट उंच स्टुलावर, पलंगापासून आणि स्विचबोर्डापासून तीन फूट दूर ठेवा. टाकीत निलगिरी, कापूर, सुगंधी तेल घालू नका. टाकीचं प्लॅस्टिक तडकतं आणि लहानग्यांच्या छातीला ते सोसत नाही.

त्याची सफाई किती वेळा?

उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्या, टाकी पुसून उघडी ठेवा. कालच्या पाण्यावर आज वरून भरणं हीच सगळ्यात मोठी चूक. आतली भिंत हाताला बुळबुळीत लागली की जंतूंचा थर जमला आणि तोच तुम्ही खोलीभर फवारताय.

आठवड्याला एकदा लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून अर्धा तास भरून ठेवा. पांढरा थर सुटतो. तळाची गोल चकती कानाच्या कापूसकाडीनं हळूच पुसा, सुरी किंवा तारेची घासणी लावली की चकती गेली. मग तीनदा साध्या पाण्यानं खळखळून घ्या. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर कधीही ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

शेगडी पेटवून झोपलं तर चालतं का?

नाही. फट ठेवली तरी नाही, निखारे विझत आले तरी नाही. कोळसा, पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, काहीही धुमसलं की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. लालभडक, बिनधुराचे निखारे जास्त फसवे, कारण धूर नाही म्हणून माणूस शेगडी आत घेतो.

डोकं ठणकणं, मळमळ, गरगरणं, घरातल्या सगळ्यांनाच एकदम गुंगी, अशी लक्षणं दिसली की आधी सगळ्यांना उघड्यावर काढा आणि १०८ ला फोन करा. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरलाही हेच लागू. बाथरूम लहान, खिडकी थंडीमुळे बंद, गिझर चालू, आणि आतलं माणूस दार उघडत नाही. गिझर बाहेर हवा. ओलाव्यासाठी अंघोळीची वाफ खोलीत घ्यायची हौस असेल तर ती विजेचा गिझर असलेल्यांनीच करावी.

शेकोटी अंगणात, भरीतही अंगणात.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात हा त्रास का जाणवत नाही?

माती ओलावा घेते आणि देते. माणसं घरात असताना, स्वयंपाक होताना मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन वाफ पितात, हवा कोरडी पडली की परत सोडतात. तापमानही फार वरखाली होत नाही. सिमेंटचा स्लॅब, ऑइल पेंट आणि टाइल्स यांत हा गुण नाही.

पत्र्याच्या घरात उलट तऱ्हा. पहाटे पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि माणसांच्या श्वासाचं पाणी त्यावर आतून जमून टपकतं. घसा कोरडा आणि अंथरूण ओलं, असं एकाच रात्री होऊ शकतं. तिथे ओली चादर टांगू नका. पत्र्याखाली कापडी किंवा थर्माकोलचं छत लावलं तर टपकणं कमी होतं. थर्माकोल चुलीच्या आसपास मात्र नको.

घरात कापूस भरून ठेवला आहे आणि सगळ्यांना खाज सुटते. कोरड्या हवेनं होतं का?

थोडं हवेनं, पण दोष तिचा एकटीचा नाही. भाव वाढेल म्हणून खोलीत रचलेल्या कापसाचे बारीक तंतू, पाल्याचा चुरा आणि त्यातले सूक्ष्म किडे कातडीला लागतात. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला जास्तच. उपाय म्हणजे झोपायची खोली आणि कापसाची खोली वेगळी करणं. कापूस असलेल्या खोलीत हीटर, हॅलोजन, उदबत्ती काहीही नाही. तंतू हीटरच्या लाल तारेवर बसले की आग लागायला वेळ लागत नाही. कापूस सुकू नये म्हणून त्या खोलीत ओलावाही घालू नका, पिवळा पडतो, भाव जातो.

कातडी, ओठ, टाचा यांचं काय करावं?

अंघोळ कोमट पाण्यानं, दहा मिनिटांत. कडकडीत पाणी कातडीवरचं तेल धुऊन नेतं, आणि हिवाळ्यात फुटलेल्या अंगाचं निम्मं कारण हीटर नसून हेच असतं. टॉवेलनं टिपून घ्या, खसाखसा पुसू नका, आणि अंग अजून ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत तेल किंवा क्रीम लावा. कोरड्या अंगावर चोळलेलं तेल वरच राहतं, ओल्या अंगावरचं तेल पाणी आत धरून ठेवतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करा. नाहीतर तिळाचं वापरा.

टाचांसाठी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय, पुसून व्हॅसलीन किंवा आमसुलाचं तेल, वर सुती मोजे, रात्रभर. ओठ चाटू नका, थुंकी सुकताना आणखी फोडते.

मुलाचा घोळणा फुटला तर?

कांदा शोधायला धावू नका, डोकं मागे टाकू नका. मुलाला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत पकडून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये सोडून बघायचं नाही, बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. तोंडानं श्वास घेऊ द्या, तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या. वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा आठवड्यात बरेचदा होतंय, तर डॉक्टर. एरवी झोपताना दोन्ही नाकपुड्यांत मेडिकलमधल्या सलाइन ड्रॉपचे दोन-दोन थेंब घातले तर खपल्या धरत नाहीत. नाकात बाम, कापूर, तेल घालू नका.

ब्लँकेट ओढताना ठिणग्या उडतात. वीज उतरली का?

नाही. कोरड्या हवेत पॉलिस्टरचं ब्लँकेट आणि अंग घासून तयार झालेली वीज आहे, आर्द्रता ४० च्या वर गेली की बरीच कमी होते. पण नळाला, गिझरला किंवा कूलरला हात लावला की झिणझिण्या येत असतील, आणि त्या दर वेळी येत असतील, तर ती अर्थिंगची भानगड आहे. वायरमन बोलवा.

ढोलकी वाजवताना सूर चढलेला लागतो, दाराची फळी फाकली. हेही त्यातलंच?

हो. चामडं सुकून ताणलं जातं. रात्री वादी सैल करा आणि हीटरच्या खोलीत ठेवू नका. दाराच्या फळीत लांबी (पुट्टी) भरू नका, जुलैत ती फुगेल आणि दार अडकेल.

हे सगळं बंद कधी करायचं?

हीटर बंद झाला त्या दिवशी. गंमत अशी की आपल्याकडची सगळ्यात कोरडी दुपार पौषात नसते, ती फाल्गुन-चैत्रात असते. गच्चीवर बिबडे आणि पापड एका दिवसात कडकडीत होतात ते याच हवेनं. पण तेव्हा खिडक्या उघड्या असतात, अंगाला घाम असतो, म्हणून नाक तक्रार करत नाही.

ह्युमिडिफायर ठेवून देताना टाकी लिंबूसत्वानं धुवा, झाकण काढून दोन दिवस सावलीत सुकवा, वात फेकून द्या आणि खोक्यावर नव्या वातीचं माप लिहून ठेवा.